लाल जोडी

सिल्वासाहून खानवेलच्या रस्त्याला लागलं, सामरवरणी मागे पडली की मसाट येतं. औद्योगिक वसाहतीमुळे इथे दिवसभर ट्रक, टेम्पो आणि कंटेनरची वर्दळ असते. काही गाड्यांवर डीएन 09, काहींवर नवी डीडी, बाकीच्या जीजे नाहीतर एमएच. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा सांगावा आणि समोरून जाणाऱ्या वीस गाड्यांच्या नंबरांतले शेवटचे दोन आकडे ओळीने कागदावर लिहून काढावेत. 00 पासून 99 पर्यंत शंभर शक्यता आहेत आणि गाड्या अवघ्या वीस. त्यात कुठल्यातरी दोन गाड्यांचे शेवटचे दोन आकडे सारखे निघतील, अशी पैज कुणी लावली तर घ्यावी का?

बहुतेक जण हिशेब करतात तो असा: शंभरात वीस, म्हणजे पाचात एक संधी. मग ते पैज घेतात आणि चहाचे पैसे भरतात. खरी शक्यता 87 टक्के आहे.

यात जादू काही नाही. दुसरी गाडी पहिलीशी जुळू शकते, तिसरी आधीच्या दोघींशी, आणि विसावी आधीच्या एकोणीसपैकी कुठल्याही गाडीशी. एक ते एकोणीस यांची बेरीज 190. म्हणजे कागदावर वीस आकडे दिसत असले तरी तुलना 190 चालू असतात आणि प्रत्येक तुलनेला जुळण्याची शंभरात एक संधी आहे. इतक्या संधी मिळूनही काहीच जुळलं नाही तर तेच नवल म्हणायचं. नेमकं उत्तर हवं असेल तर 99/100 गुणिले 98/100 गुणिले 97/100 असं 81/100 पर्यंत गुणत जायचं, उरतात 0.13. काहीच न जुळण्याची शक्यता एवढीच. खोलीत 23 माणसं असली की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्यामागचं गणितही हेच.

आता पैज थोडी बदलू. गाड्या पाहण्याआधीच कागदाच्या डोक्यावर 47 लिहून ठेवायचं आणि वीस गाड्यांत एक तरी 47 वाली येते का ते पाहायचं. रस्ता तोच, गाड्या त्याच, पण शक्यता 87 वरून घसरून 18 टक्क्यांवर येते. कुठलातरी आकडा जुळणं आणि आधी सांगितलेला आकडा जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योगायोगाची गोष्ट सांगणारा माणूस पहिली पाहतो आणि सांगताना तिला दुसरी करून टाकतो. त्याच्या मनात खोट असतेच असं नाही. आकडा आल्यानंतर तो आधीपासून आपल्या मनात होता असं वाटायला लागतं, एवढंच.

याचा सगळ्यात मोठा जिवंत नमुना आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे, तो म्हणजे मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे आणि त्यांवर लोक पैसे लावायचे. ते भाव यायचे थांबले तेव्हा आकडा आपल्या आपणच काढायची कल्पना निघाली. कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये वरळी मटका सुरू केला, रतन खत्री यांनी 1964 मध्ये न्यू वरळी मटका. लालबाग-परळच्या गिरण्यांतला कामगार हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. 1887 च्या जुगारबंदी कायद्याने धंदा बेकायदा होता, पण ओपन काय आला हे मुंबईतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असायचं.

रीत अशी. शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे आणि चढत्या क्रमाने मांडायचे. तो झाला पाना. समजा 1, 2 आणि 8 आले. बेरीज 11, तिच्यातला शेवटचा अंक 1, म्हणून ओपन 1. पुन्हा तीन आकडे काढून तसाच क्लोज काढायचा. समजा क्लोज 6 आला, तर जोडी झाली 16. पाने एकूण 220 बनतात: तिन्ही आकडे वेगळे असलेले 120, दोन सारखे असलेले 90 आणि तिन्ही सारखे असलेले 10. प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर 22 पाने येतात. ही रचना ज्याने बसवली त्याला गणिताची उत्तम जाण होती, हे मान्य करायला हवं. आकडे प्रामाणिकपणे काढले असं धरलं, तर प्रत्येक ओपनला दहात एक आणि प्रत्येक जोडीला शंभरात एक अशी काटेकोर समान संधी मिळते. प्रामाणिकपणे काढले का, हा प्रश्न वेगळा. आपण क्षणभर तसं धरून चालू.

मटका खेळणाऱ्याचं खरं दैवत असतो चार्ट. वर्षानुवर्षांचे आकडे, आठवड्याची एक ओळ, वारांचे रकाने आणि मधल्या काही जोड्या लाल शाईत. लोक त्यावर बोट ठेवून तास घालवतात. इतक्या निष्ठेने कुणी पावसाची नोंद ठेवली असती तर हवामान खात्याला घरचा माणूस मिळाला असता. चार्टमध्ये त्यांना दिसतं ते खोटं नसतं. जोड्या खरोखरच परत येतात, लाल जोड्या खरोखरच लागोपाठ पडतात, काही जोड्या खरोखरच महिनोन्महिने तोंड दाखवत नाहीत. फक्त हे सगळं शुद्ध नशिबाच्या खेळातही तसंच दिसायला हवं, हे चार्ट सांगत नाही.

महिन्याला 25 सोडती धरा. जोड्या शंभर. मसाटच्या गाड्यांचाच हिशेब लावला तर त्या 25 सोडतींत एखादी जोडी दुसऱ्यांदा येण्याची शक्यता 96 टक्के निघते. ज्या महिन्यात एकही जोडी परत आली नाही तो महिना जपून ठेवण्यासारखा. वर्षाच्या 300 सोडतींत कालचीच जोडी आज पुन्हा, असं सरासरी तीनदा घडतं. उलट बाजूने पाहिलं तर शंभर सोडती झाल्या तरी शंभरपैकी 37 जोड्या अजून एकदाही आलेल्या नसतात आणि वर्ष संपलं तरी पाचेक जोड्यांचा पत्ता नसतो. अशी जोडी हेरून ‘वर्षभर आली नाही, आता येणारच’ म्हणत तिच्यावर पगार लावणारे असतात. जोडीला आपण किती दिवस आलो नाही याची आठवण नसते. उद्याही तिची संधी शंभरात एकच.

लाल जोड्यांचं तर आणखी सोपं आहे. 11, 22 अशा डबल जोड्या दहा. शिवाय ज्यांच्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे अशा 05, 16, 27, 38, 49 आणि त्यांच्या उलट्या, अशा आणखी दहा. म्हणजे शंभरात वीस जोड्या लाल आहेत. पाचातली एक जोडी लाल असणार हे आपणच ठरवलं आणि मग दर आठवड्याला चार्टवर लाल दिसलं की चकित व्हायचं! लागोपाठ दोन दिवस लाल, असंही महिन्यातून सरासरी एकदा होतंच.

त्यातही खेळणाऱ्याने पळवाटा ठेवलेल्या असतात. 12 लावला आणि 21 आला, तर ‘पलटी आली’. 17 आला तर ‘कट आला’, कारण पाचाच्या फरकाने 2 चा कट 7. अशा सगळ्या मिळून 12 ची फॅमिली होते: 12, 21, 17, 71, 26, 62, 67, 76. आठ जोड्या. शंभरात एकाची संधी बसल्या जागी शंभरात आठांवर गेली. पैसे अर्थातच फक्त 12 ला मिळतात. बाकी सातांना मिळतं ते समाधान, ‘अगदी थोडक्यात हुकला’ असं. उद्या पुन्हा खेळायला ते पुरतं. आजची जोडी कालच्याच फॅमिलीतली असण्याची शक्यता सात टक्क्यांहून जास्त आहे, म्हणजे महिन्यात पावणेदोन वेळा कुणालातरी ‘लाइन’ सापडल्याचा साक्षात्कार ठरलेला.

भावाचंही एकदा पाहून घेऊ. बाजारागणिक थोडा फरक असला तरी साधारण भाव एकाला नऊ आणि जोडीला नव्वद. दहात एक संधी आणि नऊ पट पैसे, म्हणजे लावलेल्या रुपयातले सरासरी 90 पैसे परत. ट्रिपल पान्याला मोठा भाव म्हणून सहाशे पट देतात, पण 777 सारखा पाना हजारात एकदा येतो. परत मिळतात सरासरी 60 पैसे. बुकीला त्यामुळे कुणाला फसवायची गरजच नसते. त्याने गप्प बसून आकडे येऊ द्यायचे.

मग ‘फिक्स आकडा’ देणारे बाबा, गुरू आणि अलीकडचे मोबाइलवरचे मास्तर कशावर जगतात? हजार गिऱ्हाइकांचे शंभर-शंभरचे दहा गट करायचे आणि प्रत्येक गटाला वेगळा ओपन द्यायचा, शून्य ते नऊ. एका गटाचा येणारच. दुसऱ्या दिवशी त्या शंभर जणांत दहा-दहाचे गट. तिसऱ्या दिवशी उरलेल्या दहांत एकेकाला एकेक आकडा. तीन दिवसांनी एक माणूस असा उरतो, ज्याला लागोपाठ तीन वेळा बरोबर आकडा मिळालेला आहे. त्याच्या दृष्टीने हा चमत्कारच, कारण उरलेले 999 त्याला दिसतच नाहीत. तो शेत विकूनही चौथा आकडा विकत घेईल.

अशा दाव्याची परीक्षा घ्यायची रीत एकच आहे: भाकीत आधी लिहून घ्यायचं, सगळी भाकितं मोजायची आणि नुसत्या नाणेफेकीने किती बरोबर आली असती ते बाजूला मांडायचं. पुण्यात 2008 मध्ये जयंत नारळीकर यांनी हे ज्योतिषाच्या बाबतीत करून दाखवलं. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे सोबत होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस द्यायच्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगायचं. 51 ज्योतिषांनी नाव दिलं, 27 जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून चाळीसात सरासरी वीस बरोबर येतील, म्हणून यश मानायला 28 ची अट होती. सगळ्यात चांगला निकाल 24 निघाला. सरासरी 46 टक्के. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या पाहिल्या. तिची 102 उत्तरं बरोबर आली. माझ्या मते मराठीत संभाव्यतेवर झालेलं हे सर्वांत मोलाचं जाहीर शिक्षण आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला फाशांच्या उदाहरणांआधी जागा मिळायला हवी.

सरकारी लॉटरीकडे वळू. महाराष्ट्राने राज्य लॉटरी सुरू केली 1969 मध्ये. मटक्याकडे जाणारा पैसा तिकडे वळावा हा एक हेतू. केंद्राच्या 1998 च्या लॉटरी कायद्याने एक अंकी आकड्यावर बक्षीस द्यायला बंदी केली, कारण ती नावाला लॉटरी आणि प्रत्यक्षात मटकाच झाली होती. पुढे टीव्हीवर सिक्कीम सरकारच्या लॉटरीचा प्लेविन सुपर लोटो आला: 1 ते 49 मधले सहा आकडे आपण निवडायचे. असे सहा आकडे निवडण्याचे प्रकार 1,39,83,816 आहेत, म्हणजे जवळजवळ एक कोटी चाळीस लाख.

एवढ्या मोठ्या डब्यातून तेच सहा आकडे दुसऱ्यांदा निघतील? जर्मनीत निघाले. तिथल्या 49 पैकी 6 च्या लॉटरीत 20 डिसेंबर 1986 रोजी आलेले 15, 25, 27, 30, 42, 48 हे आकडे 21 जून 1995 रोजी जसेच्या तसे पुन्हा आले. पेपरांनी एक कोटी चाळीस लाखांत एक अशी शक्यता छापली. पण तोवर 3,016 सोडती झाल्या होत्या आणि तुलना होत्या साडेपंचेचाळीस लाख. त्यांतली कुठलीतरी एक जुळण्याची शक्यता निघते 28 टक्के, साधारण चारात एक. सुमारे 4,400 सोडती झाल्या की ती निम्म्यावर जाते. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर 42 वर्षं.

बल्गेरियाचं प्रकरण याहून अवघड होतं. 6 सप्टेंबर 2009 ला आलेले 4, 15, 23, 24, 35, 42 हे आकडे लगेचच्या सोडतीत, 10 सप्टेंबरला, पुन्हा आले. पहिल्या वेळी सहाही आकडे कुणाचे नव्हते. दुसऱ्या वेळी 18 जणांचे होते. क्रीडामंत्र्यांनी चौकशी लावली, गैरप्रकार काही सापडला नाही. लागोपाठच्या दोन सोडती ही एकच तुलना, त्यामुळे शंका घेणं चूक नव्हतं. त्या 18 जणांचं मात्र सोपं आहे: गेल्या वेळचेच आकडे पुन्हा लावणारी माणसं प्रत्येक लॉटरीत असतात. पुढच्याच वर्षी इस्रायलमध्ये 21 सप्टेंबरचे सहा आकडे 16 ऑक्टोबरला परत आले. लागोपाठ आले की बातमी, महिन्याच्या आत आले की बातमी, त्याच तारखेला आले तरी बातमी. दारं इतकी उघडी ठेवल्यावर जगातल्या एवढ्या लॉटऱ्यांतून कुणी ना कुणी आत येतंच.

1986 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका बाईला चार महिन्यांत दुसऱ्यांदा मोठी लॉटरी लागली. 17 लाख कोटींत एक, असं छापून आलं. तो आकडा त्या एका बाईने दोन तिकिटं घेऊन दोन्ही लागण्याचा. अमेरिकेत लाखो लोक आठवड्याला तिकिटांच्या चळती घेतात. त्यांपैकी कुणालातरी, कुठेतरी, चार महिन्यांत दोनदा लागेल का, असं पर्ड्यू विद्यापीठाच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी विचारलं, तेव्हा उत्तर आलं तीसात एक. सात वर्षांची मुदत दिली तर निम्म्याहून जास्त. पर्सी डायकॉनिस आणि फ्रेडरिक मोस्टेलर यांनी 1989 मध्ये योगायोगांवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात हे उदाहरण आहे.

आपलं मन यदृच्छेला ओळखत नाही याचा एक छोटा पुरावा घरीच मिळतो. कुणालाही 1 ते 49 मधले सहा आकडे ‘वाटेल तसे’ लिहायला सांगा. माणूस नीट पसरून लिहितो. शेजारशेजारचे दोन आकडे सहसा घेत नाही. 23, 24 असे लागोपाठचे आकडे त्याला लबाडीचे वाटतात. प्रत्यक्षात 49 मधल्या सहांत किमान एक लागोपाठची जोडी असण्याची शक्यता 49.5 टक्के आहे, जवळजवळ दर दुसऱ्या सोडतीला.

आकड्यांत काही सापडलं म्हणजे तो योगायोगच, असंही नाही हं. डहाणूला 1905 साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, मग उत्तरावर तेच पुन्हा. नगर हवेली मुक्त झाली ते 1954 साल घेऊ. 9541 वजा 1459 म्हणजे 8082. 8820 वजा 0288 म्हणजे 8532. 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आणि 6174 ला पुन्हा तेच केलं तर 6174 च. तुमच्या तिकिटाचे शेवटचे चार अंक घ्या, गाडीचा नंबर घ्या, सात पायऱ्यांच्या आत इथेच याल. हा योगायोग नाही, कारण तो आधी सांगता येतो आणि एकदाही चुकत नाही.

आकडे संशयास्पद दिसले म्हणून सोडत खोटी ठरत नाही. फिलिपीन्समध्ये 1 ऑक्टोबर 2022 ला 55 पैकी 6 च्या सोडतीत 9, 18, 27, 36, 45, 54 आले, सगळे नवाच्या पाढ्यातले, आणि 433 जण एकदम जिंकले. संसदेत चौकशीची मागणी झाली. पण पाढ्याचे आकडे लावायची पुष्कळांना सवय असते. बक्षीस त्यांच्यात वाटलं गेलं, म्हणून एकेकाच्या वाट्याला थोडंच आलं.

उलट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात 24 एप्रिल 1980 ला 666 आला तेव्हा सोडत खरंच खोटी होती. टीव्हीवर सोडत घेणाऱ्या निवेदकाने साथीदारांकरवी 4 आणि 6 सोडून बाकी सगळ्या आकड्यांच्या चेंडूंत सुईने रंग भरून ते जड केले होते, म्हणजे हवेच्या झोताने 4 आणि 6 चेच चेंडू वर येतील. त्यामुळे निकाल आठांतलाच एक असणार होता: 444, 446, 464, 466, 644, 646, 664, 666. तिन्ही सहा हा आकडा तिकडे सैतानाचा मानतात, त्याचीच चर्चा जास्त झाली. पकडणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं लक्ष गेलं ते सोडतीच्या आधी नेमक्या त्याच आठ आकड्यांवर लावलेल्या पैशांच्या ढिगाकडे.